काचेची उजळ बाजू

॥ श्री ॥
ठाणे, आषाढ शुद्ध ४, शके १८११

ती. सौ. गोदाताईस धाकट्या आवडीचा नमस्कार.

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू हे पत्र चुलीत घालशील अशी मला धास्ती आहे, म्हणून आधी कामाचं सांगते आणि भांडण मागाहून करते.

शकूला मार्गशीर्षात ग्वाल्हेरीस सासरी पाठवणार, असं बायजा कासारणीकडून कळलं. बायजा तुझ्या घरी बांगड्या भरते तशी माझ्याही घरी भरते, आणि ती पोटात काही ठेवणारी बाई नाही हे तुला ठाऊक आहेच. तर ऐक. ग्वाल्हेर म्हणजे काही भिवंडी नव्हे, की नागपंचमीला लेक माहेरी आणली आणि पोचवून दिली. पोर एकदा गेली की पुन्हा तिचं तोंड तुला कधी दिसेल ते देव जाणे. तिच्या बारशाला मी होते, लग्नाला मला बोलावणं नव्हतं. त्याचा राग मी धरलेला नाही. म्हणजे थोडा धरला आहे, पण ते जाऊ दे. पाठवणीच्या आधी एक दिवस तिला घेऊन ठाण्यास ये. तुम्हां मायलेकींची तसबीर मी काढून देते. शकू ग्वाल्हेरीस जाईल, पण तिचं तोंड तुझ्या घरात राहील. माझं काम एवढंच.

आता भांडण.

बायजा म्हणते, ठाण्यास एक बाई बायकांच्या तसबिरी काढते असं कल्याणात कोणी म्हटलं, की पारनाक्याच्या बायका कानांवर हात ठेवतात. म्हणे, तीच ना, जिनं सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला अपसव्य करून ठेवलं? अकरा वर्षं झाली तरी यांचं तोंड थकत नाही. तेव्हा माझी बाजू एकदा कागदावर उतरवते, कारण त्या दिवशी माझं पुरतं कोणी ऐकून घेतलं नाही.

शके १८००ची दिवाळी. मी एकोणीस वर्षांची, काम नुकतं शिकलेली. इकडचं तसबिरीचं यंत्र आणि औषधांच्या बाटल्या घेऊन आम्ही उभयतां गाडीनं तुझ्याकडे आलो. भावोजी पूजा आटोपून उघड्या अंगानं पाटावर बसले, शेजारी तू नथ घालून. काच मी तयार केली, तसबीर मी घेतली आणि घटकाभरात तुझ्या हातात दिली. तुझा चेहरा काय फुलला होता, ताई. मग सासूबाईंनी ती तुझ्याकडून घेतली आणि किंचाळल्या. भावोजींचं जानवं उजव्या खांद्यावर दिसत होतं. बाप जिवंत, ओसरीवर खोकत बसलेला, आणि मुलगा तसबिरीत श्राद्धाला बसल्यासारखा. तुझी नथही उजव्या नाकपुडीत गेली होती, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. महिना उलटायच्या आत तुझे सासरे वारले आणि तुमचं दार मला बंद झालं.

सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि दम्यानं बेजार होते. आरशात बघ, तुझी नथ रोज उजवीकडेच दिसते. म्हणून कोणी आरशाला शिव्या देतं का? काचेवर थेट घेतलेली तसबीर आरशासारखी उलटी येते. काचेचा धर्मच तो. त्यात माझा काय दोष?

आता तसं होत नाही. हल्ली काचेवरून कागदावर उतरवतात, उलट्याचं उलट होऊन सगळं जागच्या जागी येतं. तेव्हा शकूच्या नथीची काळजी करू नकोस.

माझं बरं चाललं आहे, विचारलं नाहीस तरी सांगते. मासुंदा तळ्याच्या अंगाला माडीवर आमचं बिऱ्हाड आहे. उत्तरेकडची खोली मी कामाला घेतली, तिच्या छपरात काचा बसवून घेतल्या. इकडे कचेरीत नकाशे काढण्याची नोकरी आहे. यंत्र हौसेनं आणलं ते इकडूनच, पण काचेवर औषध ओतायला घावन घालणारीचा हात लागतो, एका दमात ओतायचं आणि चारी कडांना सारखं फिरवायचं. ते मला पहिल्या दिवशी जमलं आणि इकडे सहा महिन्यांत जमलं नाही. आता ओतायची भानगड राहिली नाही, काचा तयार मिळतात, पण काम माझ्याच हाती राहिलं. पुरुषांपुढे न येणाऱ्या बायका माझ्याकडे बिनघोर येतात. इकडून कचेरीत सांगणं होतं म्हणे, की घरात काम त्या करतात, मी पाणी भरतो. लोक हसतात. आम्हीही हसतो. पाळणा हलला नाही, ते काचेच्या औषधांमुळे, असंही लोक म्हणतात. त्यावर मी हसत नाही, पण रडतही नाही.

पावसात ऊन नाही, उन्हावाचून कागद उतरत नाहीत म्हणून हात रिकामे आहेत, एरवी एवढं लिहिलं नसतं. उत्तर पाठव. नुसतं येते किंवा येत नाही, एवढं पुरे.

तुझी, अजून तशीच हट्टी,
आवडी

॥ श्री ॥
ठाणे, श्रावण वद्य ५, शके १८११

ती. सौ. ताईस नमस्कार.

उत्तर नाही. हरकत नाही, तू लहानपणीही रुसलीस की तीन तीन दिवस बोलत नसायचीस आणि मी एकटीच दोघींचं बोलायची.

काल बायजा आली होती. तिनं सांगितलं, की तू पत्र दोनदा वाचलंस आणि घडी करून पापडांच्या डब्यात ठेवलंस. चुलीत गेलं नाही, हे मी जमेस धरते. पण पुढे तू एकच वाक्य बोललीस म्हणे. "अजून काचेवरच ढकलते आहे." ते वाक्य मला कालपासून टोचतं आहे. कोणावर ढकलायचं मग?

आणखी एक गोष्ट बायजानं सांगितली, ती मला आजवर कोणी सांगितली नव्हती. तुझ्या सासूबाई, दोन वर्षांमागे जाईपर्यंत, दर वर्षी सासऱ्यांच्या तिथीला स्वयंपाक चालू असताना तुझ्याकडे बघून म्हणायच्या, की हिच्या बहिणीनं माझं कपाळ पांढरं केलं. नऊ वर्षं. आणि तू वडे तळत असायचीस. बायजा म्हणते, तू कधी उलटून बोलली नाहीस. हे मला आधी का कळवलं नाहीस? कळवलं असतंस तर मी काय केलं असतं, असं विचारशील. ते मलाही ठाऊक नाही.

दुसरं काही लिहिते, या विषयावर माझी लेखणी अडते.

गेल्या चैत्रात कळव्याच्या खाडीपलीकडे मिठागरात गेले होते. इकडे सुट्टी होती, यंत्र उचलणं इकडेच होतं. तिथे दगडाबाई म्हणून एक आगरीण आहे, पन्नाशीची असेल, पण हातात फावडं धरलं की पंचविशीची वाटते. सकाळच्या उन्हात ती वाफ्यातलं मीठ ओढत होती. खाली पाणी, त्यात आभाळ, मध्ये ती. मी तसबीर घेऊ का म्हटल्यावर मला म्हणाली, "माजा मुखरा कशाला कारतंस बाय, मिठाचा ढीग कार, तो तरी इकंल." मी दोन्ही काढलं. ती तसबीर मी आठ दिवस भिंतीला लावून बघत होते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना कुंडी हवी, पडदा हवा, सगळ्यांची तोंडं समोर हवीत. ते मी करते आणि आनंदानं करते, त्यावरच खोलीच्या छपराच्या काचा आल्या. पण दगडाबाईची तसबीर बघून मला कळलं, की हे माझं खरं काम आहे. मग चेंदणीच्या कोळीवाड्यात मालूला जाळं विणताना घेतलं. एक कुंभारीण चाकाशी घेतली. एक पिंजारीण कापूस पिंजताना घेतली, तिच्याभोवती सगळा कापूस उडालेला.

मुंबईस माघात तसबिरींचं प्रदर्शन भरणार आहे. एकाच हाताच्या पाच तसबिरी मागवल्या आहेत, खाली काढणाराचं नाव हवं. इकडून म्हणणं झालं, तुमचंच नाव घाला, माझं घातलंत तर मला लोक प्रश्न विचारतील आणि उत्तरं येणार नाहीत. चार तयार आहेत. पाचवीचं मी बघून घेईन. तुला त्यासाठी बोलावत नाही, तसा संशय घेऊ नकोस. तुला शकूसाठीच बोलावते आहे.

ये गं. लिंबाचं लोणचं करून ठेवू की तुझ्या आवडीचं अळू, ते कळव म्हणजे झालं.

आवडी

॥ श्री ॥
ठाणे, भाद्रपद वद्य ३०, सर्वपित्री अमावास्या, शके १८११

ती. सौ. ताईस साष्टांग नमस्कार.

आज सर्वपित्री. सकाळी इकडून श्राद्धाला बसणं झालं. मी तिळाचं ताट घेऊन दारात उभी होते. भटजी म्हणाले, अपसव्य करा, आणि जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर गेलं. दर वर्षी बघते. आज माझ्या ताटातले तीळ सांडले. भटजींनी माझ्याकडे पाहिलं. इकडूनही पाहणं झालं. जेवणं उरकली, मी हात धुतले आणि लिहायला बसले. थांबले तर पुन्हा अकरा वर्षं जातील.

ताई, मी खोटं बोलले होते. आषाढातल्या पत्रातही खोटंच लिहिलं.

काचेला दोन बाजू असतात. एका बाजूला औषधाचा थर असतो, दुसरी कोरी. तसबीर दिसावी म्हणून एका बाजूला काळा रंग द्यावा लागतो. औषधावर काळा रंग दिला आणि कोऱ्या काचेतून पाहिलं, तर सगळं सरळ दिसतं. जानवं डावीकडे, नथ डावीकडे. कोऱ्या बाजूला रंग दिला आणि औषधाच्या बाजूनं पाहिलं, तर उलटं दिसतं. एवढंच आहे ते. काच फक्त उलटायची होती.

आणि हे मला ठाऊक होतं. इकडून मला पहिल्याच आठवड्यात बजावून सांगणं झालं होतं, की झाडाचं आणि देवळाचं काय ते बघा, पण माणसांची तसबीर असली की औषधावरच काळा द्यायचा.

तुमची काच धुऊन वाळली, तेव्हा मी तुझ्या कोठीच्या खोलीत एकटी होते. चंद्रकळा नेसले होते, तिच्या काळ्या पदरावर धरून मी ती काच दोन्ही बाजूंनी पाहिली. सरळ बाजूनं तू धुरामागे बसल्यासारखी दिसत होतीस. मग उलटी धरली. काय सांगू तुला. तुझ्या डोळ्यांतलं पाणी दिसत होतं, नथीचा एकेक मोती मोजता येत होता. एवढं सुंदर काही माझ्या हातून तोवर झालं नव्हतं. त्याच क्षणी जानवंही दिसलं. दिसलं, ताई. नजरेआड झालं असं नाही. मनात म्हटलं, असलं तोंड समोर असताना जानव्याकडे कोण बघतं? आणि उजळ बाजू वर ठेवून मी मागे रंग दिला.

सासूबाई ओरडल्या तेव्हा मी म्हटलं, काचेचा धर्म आहे. सगळ्यांना ते पटलं नाही तरी खोटं पाडता आलं नाही, कारण तिथे काचेतलं कळणारी दोनच माणसं होती. दुसरं माणूस गप्प राहिलं, बायकोची अब्रू झाकायला. परतीच्या गाडीत मुंब्र्याच्या पुढे एकदाच म्हणणं झालं, "काच उलटायची होती." त्यानंतर अकरा वर्षांत तो विषय नाही.

तुझे सासरे तसबिरीमुळे गेले, असं मी आजही मानत नाही. पण मी त्या दिवशी खरं बोलले असते तर सासूबाई मला बोलल्या असत्या. मी ठाण्यास निघून आले असते आणि ते तिथंच संपलं असतं. मी काचेवर ढकललं, आणि काच तर मुकी. मग त्यांच्यासमोर उरलीस तू. नऊ वर्षं माझा दोष तू खाल्लास आणि मी इथे तळ्याकाठी बायकांच्या तसबिरी काढत मजेत होते. मला फार लाज वाटते, ताई. माफ कर म्हणत नाही, मला तेवढं मागायचा हक्क नाही. पण शकूचं तोंड तुझ्यापाशी राहावं, एवढं अजून मागते. माझ्यावर भरवसा नसेल तर मुंबईच्या एखाद्या चांगल्या माणसाचं नाव देते, त्याच्याकडे जा. पण काढून घे.

तुझी अपराधी
आवडी

॥ श्री ॥
ठाणे, कार्तिक वद्य ८, शके १८११

ती. सौ. ताईस अनेक नमस्कार.

परवा तू गाडीत बसलीस, मी घरी आले आणि तुझं कार्ड पुन्हा काढून वाचलं. "कार्तिक वद्य पंचमीस सकाळच्या गाडीनं येते. शकू बरोबर आहे. अळू." पोस्टाच्या कार्डावर एवढी कमी अक्षरं कोणी लिहिली नसतील. पण ते कार्ड आलं तेव्हा मी इकडच्या देखत स्वयंपाकघरात नाचले, हे तुला परवा सांगायचं राहिलं.

बरंच सांगायचं राहिलं. तू समोर असलीस की मी पुन्हा नऊ वर्षांची होते, तू म्हणशील ते ऐकते. म्हणून लिहिते.

शकूला तू माझ्या खुर्चीवर बसवलंस, तिच्या निऱ्या सारख्या केल्यास, आणि मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "मला त्या दिवशीच कळलं होतं." मला वाटलं तू अळवाबद्दल काही बोलते आहेस. मी विचारलं, काय कळलं होतं? तू म्हणालीस, "तू काच नेहमी कडेनं धरतेस. मला देताना तुझा अंगठा यांच्या खांद्यावर, जानव्यावर होता."

अकरा वर्षं मी त्या काचेची आठवण काढते, माझा अंगठा मला कधी आठवला नाही. सासूबाईंना का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं, तेव्हा तू शकूच्या पदराला टाचणी लावत होतीस, मान वर न करता बोललीस. सांगितलं असतं तर तू जाणूनबुजून केलंस, असं त्यांनी सगळ्या कल्याणात केलं असतं, म्हणालीस. बहिणीचा हात अपशकुनी म्हणाल्या ते बरं, बहिणीची बुद्धी वाईट म्हणायला नको. आणि मग माझ्यावर रागावलीस का, असं विचारलं तर म्हणालीस, "तू बोलशील म्हणून थांबले होते. तू फार वेळ लावलास."

मग आपण दोघी रडलो आणि शकूला कळेना काय झालं, ती टाचणी टोचली का विचारत होती. गुणी पोर आहे. ग्वाल्हेरची माणसं नशीबवान.

पहिली तसबीर सोबत धाडते. तुझ्या हट्टाखातर काळ्या खोलीत तुला नेलं, लाल कंदिलात काच दाखवली, आणि "यात तर आमची तोंडं काळी आहेत" म्हणून तू घाबरलीस, ती ही. बघ आता कागदावर कशी आली आहे. शकूची नथ डावीकडे. तुझी डावीकडे. दोघी समोर बघता आहात, दोघी जरा कडक बसल्या आहात, पण घरात लावायला उत्तम. ही भिंतीला लाव.

आता दुसरी. हिच्याबद्दल मला नीट सांगायचं आहे.

पहिली झाल्यावर तू हुश्श केलंस आणि खाली वाकून शकूची वेणी सारखी करायला लागलीस. तिचे डोळे मिटलेले, तुझी मान तिच्या खांद्याशी. उत्तरेचा उजेड तुझ्या हातांवर पडला होता. यंत्रात काच होती. मी तुला न विचारता घेतली. हे एक.

दुसरं. काल ती काच धुतली आणि आज कागदावर उतरवली. ताई, ही माझ्या हातची सगळ्यांत चांगली तसबीर आहे. दगडाबाईपेक्षा चांगली. इकडून बराच वेळ पाहणं झालं आणि चष्मा पुसणं झालं. पाचवी मिळाली, असं मला वाटून गेलं. पण तिच्यात तुझं कुंकू दिसत नाही. लाल रंग काचेला काळा दिसतो, पण दिसतो तरी. इथे पदराची सावली पडली आहे आणि कपाळ कोरं दिसतं. सवाष्णीचं कपाळ कोरं. हे मला तबकात काच होती तेव्हाच दिसलं. या वेळी कोणी ओरडायच्या आधी मी तुला सांगते आहे.

तेव्हा असं कर. कागदाची ही एकच प्रत आहे, ती पहिलीच्या खाली ठेवली आहे. बघ. भावोजींना दाखवायची तर दाखव. नको वाटली तर फाडून टाक, मला निरोप धाडायचीही गरज नाही. पौष लागेपर्यंत परत आली नाही, तर मी काच खरवडून साफ करीन आणि ती दुसऱ्या कोणाच्या तरी मुंजीच्या तसबिरीवर चौकटीत बसेल. त्याचं मला वाईट वाटेल, खोटं कशाला सांगू. पण वाईट वाटून मी नीट जेवीन, नीट झोपेन. परत आली, तर मुंबईस जाईल.

इकडून तुला आणि भावोजींना नमस्कार सांगणं झालं आहे. शकूला माझ्याकडून दोन पापे.

तुझी
आवडी

॥ श्री ॥
ठाणे, माघ शुद्ध १०, शके १८११

ती. सौ. ताईस नमस्कार.

शकू पोचल्याचं पत्र तुला आलं, हे बायजानं सांगितलं. तू भिंतीवरच्या तसबिरीशी बोलतेस, तिला आज काय स्वयंपाक केला ते सांगतेस, हेही सांगितलं. हे कोणाला सांगू नकोस, असं तू बायजाला म्हणाली होतीस म्हणे. तिला असं काही सांगणं म्हणजे दवंडीवाल्याला गुपित सांगणं.

मार्गशीर्ष संपत आला तरी तुझ्याकडून काही नव्हतं. मी खरवडायची पट्टी काढून ठेवली होती. इकडून दोनदा म्हणणं झालं, अजून चार दिवस थांबा. मी म्हटलं, पौष म्हटलं म्हणजे पौष. अमावास्येच्या आदल्या दिवशी दुपारी बायजा आली, बांगड्यांच्या पेटीत सगळ्यांत खाली, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली तसबीर घेऊन. पत्र नव्हतं. मी गुंडाळी सोडली आणि तसबीर उजेडात धरली.

तुझ्या कपाळावर कुंकू होतं. आधी मेण, मग कुंकू, जसं रोज लावतेस तसं, बोटाच्या टोकानं गोल. सगळ्या काळ्यापांढऱ्या तसबिरीत तेवढं एकच लाल. सावलीत बरोबर जिथे हवं तिथे. जरा जास्त झालं होतं ते पदरानं टिपलं आहेस, तेही मला दिसलं, माझे डोळे काय फुकट गेले आहेत?

ताई काही म्हणाली का, असं मी बायजाला विचारलं. ती म्हणाली, काही नाही, नुसतं "दिसत नव्हतं ते लावलं म्हणावं" एवढं. मग बायजानं माझ्याकडे बघितलं आणि पाणी आणायला आपणच आत गेली.

इकडून सुचवणं झालं, की प्रदर्शनाला दुसरी साधी प्रत काढून पाठवा, ही घरी ठेवा. काच आहे, दहा प्रती निघतील. मी नाही म्हटलं. हीच पाठवली. दगडाबाई, मालू, कुंभारीण, पिंजारीण आणि तुम्ही दोघी. पाचही खाली माझं नाव, पहिल्यांदाच सबंध लिहिलं, आवडाबाई, मु. ठाणे. लिहून दोनदा गिरवलं.

काल मुंबईहून कागद आला. पाचही घेतल्या आहेत. चार तसबिरींबद्दल काही विचारणं नाही. पाचवीबद्दल चिटणिसांनी लिहिलं आहे, की तसबिरी रंगवणारे चितारी सर्व अंगभर रंग भरतात, इथे एकाच ठिकाणी भरला आहे आणि तो आजवर पाहिलेल्या कोणत्याही रंगासारखा नाही. रंग कोणता, कोणत्या कारागिराकडून भरवला, हे यादीत छापायचं आहे, तरी परत टपालानं कळवावं.

मी आज सकाळी उत्तर धाडलं. रंग कुंकू, घरचं. भरणार सौ. गोदाबाई, मु. कल्याण.

तेव्हा आता तुझंही नाव छापून येणार आहे, माझ्या नावाच्या शेजारी. भावोजींना काय सांगायचं ते तू बघ.

तुझी
आवडी